दिवा आणि हवा

मनुष्याकडून चूक झाली म्हणजे त्याच्या मनाला टोचणी लागते. ही टोचणी म्हणजे देवाने मनुष्यावर केलेली मोठी कृपा होय, असे आम्ही कीर्तनकार मंडळी वारंवार सांगतो आणि श्रोतेही माना डोलावतात. परंतु त्यापुढचा प्रश्न आम्ही सहसा घेत नाही. टोचणी थांबली, म्हणजे चूक मिटली असे समजावे काय? मन स्वच्छ वाटते, म्हणून ते स्वच्छ आहेच असे धरून चालावे काय? हा प्रश्न मला कोणा पंडिताने घातला नाही. तो घातला एका मोटारगाडीने, आणि उत्तर दिले एका पंक्चरवाल्याने. ती हकीकत आधी सांगतो, मग विचाराकडे वळू.

गेल्या पौषातली गोष्ट. फलटणच्या अलीकडे एका गावी सप्ताहाची सांगता होती आणि काल्याचे कीर्तन माझ्याकडे होते. पहाटे आळंदीहून निघालो. गाडी भाच्याची, चालविणारा तोच. मागे आमचा तरुण मृदंगवादक आणि एक टाळकरी. शिवाय पखवाज, वीणा, टाळांची पिशवी असा सगळा प्रपंच. हडपसर मागे पडले, दिवेघाटाचा पायथा आला, तोच गाडीच्या समोरच्या फळीवर एक पिवळा दिवा लागला. घोड्याच्या नालासारखी आकृती आणि तिच्या पोटात उद्गारचिन्ह.

भाचा म्हणाला, “मामा, कुठल्या तरी चाकात हवा कमी आहे असं दाखवतंय. थंडीनंही होतं कधी कधी.”

मी म्हटले, “अरे, आधीच उशीर झालाय. काल्याला लोक ताटकळतील. तो पिवळा डोळा सारखा माझ्याकडं बघतोय. तेवढा बंद करता येतो का?”

“येतो की!” असे म्हणून त्याने एक बटण दाबून धरले. दिवा दोन-तीनदा मिचकला आणि विझला. मी उपरणे अंगाभोवती घेतले आणि घाट चढेपर्यंत झोपीसुद्धा गेलो.

सासवड गेले. जेजुरीला चहासाठी थांबलो. मृदंगवादक पोरगा खाली उतरला आणि म्हणाला, “महाराज, मागचं डावं चाक बसल्यासारखं दिसतंय.” हात लावून पाहतो तो टायर चांगलाच तापलेला. शेजारीच पंक्चरचे दुकान होते. तिथल्या माणसाने मीटर लावला. गाडीच्या दाराच्या कडेला जी चिठ्ठी चिकटविलेली असते, तिच्यावर चौरस इंचाला 33 पौंड हवा लिहिली होती; त्या चाकात 16 होती. आत खिळा घुसलेला. त्याने सहज विचारले, “दिवा लागला नव्हता का?” भाचा ओशाळून म्हणाला, “लागला होता. मी घालवला.” तो गृहस्थ खिळा उपसता उपसता म्हणाला, “दादा, दिवा घालवायचा असतो तो हवा भरून झाल्यावर. तुम्ही नुसता दिवा घालवलात म्हणजे गाडीला सांगितलंत, हीच हवा बरोबर आहे. मग ती बिचारी कशाला परत सांगेल?”

वाचकहो, हे वाक्य मी त्या दिवशी कीर्तनाला उभा राहिलो तरी माझ्या कानातून जाईना. पुढे भाच्याकडून आणि त्या पंक्चरवाल्याकडून या दिव्याची सगळी रीत समजून घेतली. ती थोडक्यात सांगतो, कारण दृष्टान्त पुरता कळल्यावाचून सिद्धान्त कळत नाही.

हवा कमी झाल्याचे सांगणारी यंत्रणा दोन प्रकारची असते. एका प्रकारात प्रत्येक चाकाच्या आत, हवा भरण्याच्या तोंडापाशी एक लहान सेन्सर बसविलेला असतो. तो आतला दाब मोजतो आणि बिनतारी संदेशाने गाडीला कळवितो. दुसऱ्या प्रकारात हवा मोजणारे असे काही चाकात नसतेच. ब्रेकच्या यंत्रणेसाठी प्रत्येक चाकाचे फेरे मोजले जातात, त्यावरूनच अनुमान करावयाचे. हवा कमी झालेले चाक किंचित् दबते, त्याचा घेर आखूड पडतो. म्हणून तेवढेच अंतर कापण्यास त्याला इतरांपेक्षा थोडे अधिक फेरे घ्यावे लागतात. जे चाक जास्त फिरते त्यात हवा कमी, असे गाडी ताडते. आमची गाडी या दुसऱ्या प्रकारची होती. हिच्यात ते बटण दाबले म्हणजे “आता जशी चाके आहेत तशी ती ठीक आहेत, येथून पुढे यांच्याशी ताडून पाहा” असा उपदेश गाडीला होतो, आणि पुढे काही अंतर चालताना ती तो धडा पाठ करते. धडाच खोटा दिला, तर विद्यार्थ्याचा काय दोष? हवा आणखी पुष्कळ उतरेपर्यंत ती आता गप्पच राहणार.

इकडे कमी हवेच्या चाकाच्या बाजू फेऱ्यागणिक अधिक वाकतात, त्या वाकण्याने टायर तापतो आणि भरधाव वेगात फुटण्याचे भय वाढते. अमेरिकेत टायर निकामी होऊन पुष्कळ माणसे अपघातांत दगावली, तेव्हा 2000 साली तेथे कायदा झाला. आणि 2007 च्या सप्टेंबरपासून तिकडच्या प्रत्येक नव्या हलक्या गाडीत हा दिवा सक्तीचा झाला. युरोपात 2014 च्या नोव्हेंबरपासून सर्व नव्या मोटारींना तो लागू झाला. एका पिवळ्या दिव्यामागे एवढ्या प्राणांचे मोल आहे, आणि आम्ही तो डोळ्याला खुपतो म्हणून विझविला! गाडीत चार जीव बसले होते. पोरगा चहाला उतरला नसता, तर हा लेख लिहावयास मी राहिलो असतो की नाही, कोण जाणे.

लहानपणी पाठशाळेत आम्हांला तर्कसंग्रह शिकविला. डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तेथे अग्नी आहे, हे अनुमानाचे पहिले उदाहरण. धूर हे लिंग, म्हणजे खूण. अग्नी हे साध्य. एकदा एका विद्यार्थ्याने गुरुजींना विचारले, “मग धूर दिसत नसला, तर अग्नी नाही असं म्हणावं ना?” गुरुजी हसले आणि म्हणाले, “असं कर. लोहाराकडं जा, भट्टीतून नुकताच काढलेला लोखंडाचा गोळा धूर नाही म्हणून उचल, आणि मग मला येऊन सांग.” तापलेल्या लोहगोलाचा हा दृष्टान्त नैयायिकांचा फार जुना आहे. धूर असेल तेथे अग्नी असतोच. पण धूर नसेल तेथे अग्नी नसतोच, असे मात्र म्हणता येत नाही. खुणेचा अभाव म्हणजे दोषाचा अभाव नव्हे. हे मी पन्नास वर्षांपूर्वी पाठ केले, कितीकांना शिकविले, आणि दिवेघाटाच्या पायथ्याशी दिवा विझताच निवांत झोपलो!

आता गाडी बाजूला ठेवू. मनातही असाच एक दिवा आहे, आणि त्याचेही बटण आपल्याच हाताशी आहे. माझेच उदाहरण देतो. दुसऱ्याचे देण्याचा मला अधिकार नाही.

बावीस वर्षे माझ्या कीर्तनात पखवाज वाजविणारे एक गृहस्थ होते. माझ्याहून आठ वर्षांनी वडील. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. पखवाजाच्या डाव्या अंगाला लावावयाची कणीक घरूनच मळून, ओल्या फडक्यात गुंडाळून आणावयाचे. कुठल्याही गावी त्यांनी त्यासाठी कोणा माउलीला तसदी दिली नाही. पुढे त्यांच्या डाव्या हाताला कंप सुटला. ठेका मागे पडू लागला. श्रोत्यांत कुजबुज होऊ लागली. मी एक तरुण वादक पाहिला. येथवर माझे काही चुकले असे मला आजही वाटत नाही, कारण कीर्तन ही सेवा आहे आणि ती नेटकी झाली पाहिजे. चूक पुढेच आहे. ही गोष्ट मी अण्णांना सांगितली नाही. तोंडावर सांगण्याचा धीर झाला नाही. एके दिवशी नेहमीप्रमाणे ते स्नानसंध्या उरकून, धुतलेला सदरा घालून, खांद्याला पखवाज लावून फाट्यावर आमची वाट पाहत उभे राहिले. आणि मी गाडी दुसऱ्या रस्त्याने न्यावयास सांगितली.

त्या रात्री झोप आली नाही. दिवा लागला होता! मग मी बटण दाबले. “त्यांनाच विश्रांती हवी असणार.” दोन दिवस बरे गेले. पुन्हा टोचू लागले, पुन्हा बटण. “आपण सेवेसाठी केले, स्वतःसाठी नाही.” आणखी काही दिवसांनी, “समोर सांगितले असते तर त्यांना अधिकच लागले असते. न सांगितले हीच दया.” पाहा, बुद्धी केवढी उदार असते! असे पाच-सात वेळा केल्यावर दिवा लागेनासा झाला. तीन वर्षे गेली. या तीन वर्षांत मी कृतज्ञतेवर कीर्तने केली, लोकांच्या डोळ्यांतून पाणी काढले, आणि माझ्या मनाला इतकीशीही टोचणी झाली नाही. मला वाटे, मन शुद्ध झाले. वास्तविक झाले होते एवढेच की, उतरलेली हवा हीच पुरी हवा, असे मी मनाला शिकविले होते.

येथे कोणी म्हणेल, “महाराज, सोबतची मंडळी होती ना? त्यांनी का नाही टोकले?” याचेही उत्तर त्या यंत्रणेत आहे. फेरे मोजून ताडणारी यंत्रणा एका चाकाची दुसऱ्याशी तुलना करते. म्हणून त्या रीतीच्या साध्या यंत्रणेत चारही चाकांतली हवा हळूहळू सारखीच उतरली, तर तिला काही वावगे दिसत नाही. आमचे तसेच झाले. टाळकरी म्हणाले, “बरं केलंत महाराज.” विणेकरी म्हणाला, “वेळ साधली.” प्रत्येकाने शेजाऱ्याकडे पाहिले, शेजारीही आपल्याएवढाच दबलेला, मग कोणालाच काही खटकेना. घरात, भावकीत, गावात आणि फडातसुद्धा असे होते. सगळे एकदम उतरले, म्हणजे उतरल्याची खूण राहत नाही. म्हणून “सगळे असेच करतात” हे समाधान फार भयंकर आहे. त्यात दिवा न लागण्याचे कारण सापडते, हवा असल्याचा पुरावा सापडत नाही.

कालिदासाने हे फार मार्मिकपणे दाखविले आहे. शाकुंतलाच्या पहिल्या अंकात दुष्यंत राजा म्हणतो, की संशयाच्या जागी सज्जनाच्या अंतःकरणाची ओढ हेच प्रमाण. हे वचन लोक आवडीने सांगतात, आणि तेथे ते खरेही ठरते. पण पाचव्या अंकात काय होते, ते विसरू नये. दुर्वासांच्या शापाने राजाची स्मृती गेलेली आहे. आतून हंसपदिकेचे गाणे ऐकू येते आणि त्याचे मन उगाच व्याकूळ होते. दिवा लागला! पण कारण काही आठवेना. तेव्हा तो मनाची समजूत घालतो की, ही कोठल्या तरी पूर्वजन्मीच्या स्नेहाची आठवण असावी. बटण दाबले! थोड्याच वेळात शकुंतला दारी उभी राहते आणि तोच राजा, त्याच अंतःकरणाला स्मरून, तिला परत पाठवितो. पहिल्या अंकातले प्रमाण पाचव्यात का फसले? मन तेच होते. पण ज्याच्याशी ताडून पाहावयाचे ती आठवणच पुसली गेली होती. अंतःकरण हे प्रमाण खरे, पण पाया शाबूत असेल तोवरच.

परंतु दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाही तर भोळ्या भाविकांच्या मनाला नसता घोर लागेल. प्रत्येक टोचणी खरी असतेच असे नाही. थंडीच्या पहाटे हवा आकसते आणि दाब उतरतो. तापमान साधारण सहा अंश उतरले की दाब एक पौंडाने कमी होतो. तेव्हा कडाक्याच्या गारठ्यात, खिळा नसतानाही दिवा लागू शकतो. आणि पुष्कळ गाड्यांत दिवा सुरू होताच मिनिटभर लुकलुकत राहून मग स्थिर झाला, तर दोष चाकात नसून दिव्याच्या यंत्रणेतच आहे असे समजतात. माझ्या ओळखीच्या एक वृद्ध माउली आहेत. चाळीस वर्षे पायी वारी केली, आता गुडघे गेले. आणि वारी चुकली म्हणून त्या आषाढभर जेवत नाहीत, रडतात. त्यांच्या चाकात हवा पुरेपूर आहे हो! बिघाड आहे तो टोचणीत. त्यांना मी प्रायश्चित्त कशाचे सांगू?

मग खरी टोचणी कोणती आणि खोटी कोणती, हे ओळखावे कसे? दिव्याकडे पाहत बसून ते कधीच कळत नाही. खाली उतरावे लागते आणि चाकाच्या तोंडाला मीटर लावावा लागतो. दिवा आपल्यासमोर असतो. हवा मोजावयाची ती चाकापाशी. मी अण्णांचा अपराध केला की नाही, हे माझ्या मनात शोधून सापडणार नव्हते. ते अण्णांच्या दारी जाऊन विचारावयाचे होते. तीन वर्षे मी माझ्याच मनाची समजूत घालीत होतो. ज्याचे गेले त्याला एका शब्दानेही विचारले नाही.

शिवाय दिवा नाही म्हणून स्वस्थ बसणेही बरे नव्हे. अमेरिकेच्या नियमात चिठ्ठीवरच्या आकड्यापेक्षा दाब पाव हिश्शाने उतरला म्हणजे दिवा लागलाच पाहिजे, असे आहे. म्हणजे 33 ची हवा पंचविसाच्या खाली येईपर्यंत तो गप्प राहिला तरी नियम मोडत नाही. म्हणून जाणते लोक महिन्यातून एकदा, गाडी तीन-चार तास उभी राहून चाके थंड झाल्यावर, हाताने हवा मोजतात. चाललेल्या गाडीचा टायर तापलेला असतो आणि आकडा फुगवून दाखवितो. आपलेही असेच आहे. टाळ्यांच्या गजरात, हारतुऱ्यांत मन तापलेले असते. तेव्हाचा आकडा खरा मानू नये. रात्री एकटे, थंड होऊन बसल्यावर मोजावे.

आणि हवा कमी निघाली, तर क्रम काय? आधी खिळा काढावा. मग चारही चाकांत चिठ्ठीप्रमाणे हवा भरावी. स्टेपनीही विसरू नये. त्यानंतरच, गाडीसोबतच्या पुस्तकात सांगितल्या रीतीने, बटण दाबावे. धर्मशास्त्रकारांनी प्रायश्चित्ताच्या प्रकरणात दोष बोलून दाखविणे आणि अनुताप यांना मोठे स्थान दिले आहे, त्याचे मर्म हेच. बोलून दाखविणे म्हणजे खिळा उपसणे. अनुतापाने वागणूक पालटली, म्हणजे हवा भरली. मनाची शांती ही त्यानंतर आपोआप यावयाची वस्तू आहे. आम्ही शांतीच आधी मागतो, येथे सगळा घोटाळा होतो.

काल्याचे कीर्तन आटोपून परत आल्यावर, तिसऱ्या दिवशी मी अण्णांच्या घरी गेलो. ते ओसरीवर बसले होते. कोपऱ्यात पखवाज, खोळ घातलेला. “रामकृष्णहरी, या महाराज,” म्हणाले. बसावयास घोंगडी टाकली. मी झाली गोष्ट, तो दुसरा रस्ता, सगळे सांगितले. समजुती एकही सांगितली नाही. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “मी त्या दिवशी नऊ वाजेपर्यंत फाट्यावर उभा होतो. मला वाटलं, वाटेत तुमच्या गाडीला काही झालं. जीव थाऱ्यावर नव्हता. घरी येऊन फोन लावला, तर कुणी तरी सांगितलं, महाराजांचं कीर्तन सुरू आहे.”

मला वर पाहवेना. थोड्या वेळाने ते म्हणाले, “हात गेला हे मला तुमच्या आधी कळलं होतं हो. तुम्ही कधी बोलताय, याची वाट बघत होतो. बोलला असता, तर त्या पोराला मीच तयार केला असता. त्याची डावी थाप कच्ची आहे म्हणतात.”

आता तो पोरगा दर गुरुवारी अण्णांकडे जातो. अण्णा मांडीवर हात मारून बोल सांगतात, पोरगा वाजवितो. कणीक अजून अण्णांच्याच घरची असते. “माफ केले” असे ते म्हणाले नाहीत, आणि मीही मागितले नाही. बावीस वर्षांच्या सोबतीला तीन वर्षांचे मौन दिले, ते एका शब्दाने फिटणारे नव्हे. त्या फाट्यावरून गाडी गेली की अजून आत काही तरी लागते. पण आता मी बटणाकडे हात नेत नाही. लागू दे. ते लागते आहे, तोवर यंत्रणा शाबूत आहे.

वाचकहो, आपणांपैकी प्रत्येकाचा असा एखादा फाटा असेल, जेथे कोणी तरी आपली वाट पाहत उभे राहिले आणि आपण दुसऱ्या रस्त्याने गेलो. कदाचित् त्या गोष्टीचे आता काहीच वाटत नसेल. काहीच वाटत नाही, म्हणूनच एकदा खाली उतरून पाहावे. उशीर झाला, लोक खोळंबले, हे कारण सांगू नये. मीही तेच सांगितले होते. त्या दिवशी काल्याला आम्ही अर्धा तास उशिरा पोहोचलो. लोक थांबले होते.